विजय मर्चंट : मैदानाबाहेरची दीर्घ खेळी

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये मोठी कारकीर्द लाभलेल्या फलंदाजांची सरासरीनुसार यादी केली, तर सर डॉन ब्रॅडमन यांचे नाव पहिले येते. त्यांची सरासरी ९५.१४. त्यांच्या खालोखाल जे नाव येते ते इंग्लंडचे नाही, ऑस्ट्रेलियाचेही नाही. ते मुंबईच्या विजय मर्चंट यांचे आहे. त्यांची सरासरी ७१.६४. हा आकडा क्रिकेटच्या जाणकारांना पाठ असतो. मात्र याच मर्चंट यांच्या आयुष्याचा दुसरा भाग, जो त्यांनी बॅट खाली ठेवल्यानंतर अंध आणि अपंग व्यक्तींसाठी वेचला, तो आकडेवारीत मावणारा नसल्यामुळे असेल कदाचित, पण फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. भारताला अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पहिले सुवर्णपदक मिळाले १९७२ साली. त्या पदकाच्या कथेत एका वळणावर मर्चंट उभे आहेत, हे आजही अनेकांना ठाऊक नसते.

विजय माधवजी ठाकरसी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. घराणे गुजराती, गिरणीमालकांचे आणि सधन. ज्या सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीमुळे महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला नवे नाव आणि बळ मिळाले, ते याच घराण्यातले. मर्चंट हे आडनाव मात्र घराण्याचे नव्हे. शाळेत नाव नोंदविताना वडिलांचा व्यवसाय विचारण्यात आला, मुलाने व्यापारी असल्याचे इंग्रजीत सांगितले आणि तेच आडनाव म्हणून पटावर चढले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे ते आडनावच जगभर झाले. धाकटे बंधू उदय हेही प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले आणि तेही मर्चंट याच नावाने.

शिक्षण सिडनहॅम महाविद्यालयात झाले आणि तेथेच क्रिकेटमधील नाव पुढे आले. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळण्यासाठी इंग्लंडला निघाला. वीस-एकवीस वर्षांच्या तरुणासाठी याहून मोठी संधी कोणती? परंतु महात्मा गांधी आणि इतर नेते तुरुंगात असताना सरकारच्या आशीर्वादाने निघालेल्या या दौऱ्यावर जाणे मर्चंट यांना पटले नाही. ते गेले नाहीत. लॉर्ड्सवरील भारताची पहिली कसोटी त्यांच्याविना झाली. मर्चंट यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना हा प्रसंग ध्यानात ठेवावा लागतो. खेळ त्यांना अतिशय प्रिय होता, पण खेळापलीकडेही काही असते, याचे भान त्यांना फार लवकर आले होते.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर भारतातील पहिली कसोटी झाली, तेव्हा त्यांनी पदार्पण केले. त्यांची खरी ओळख जगाला पटली ती १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात. मँचेस्टरच्या कसोटीत त्यांनी मुश्ताक अली यांच्यासह २०३ धावांची सलामी दिली. मुश्ताक यांच्या ११२, मर्चंट यांच्या ११४. एक जण बेधडक, दुसरा हिशेबी. त्या मोसमात त्यांनी १७०० हून अधिक धावा केल्या आणि विस्डेनने १९३७ च्या अंकात वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली. शरीरयष्टी लहानखुरी होती, पण पदलालित्य विलक्षण. चेंडू जवळजवळ यष्टिरक्षकाच्या हातात जात असताना मारलेला त्यांचा लेट कट पाहण्यासाठी लोक ब्रेबॉर्न स्टेडियमवर गर्दी करीत.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली. त्या काळात कसोटी सामने नव्हते, तेव्हा देशांतर्गत क्रिकेटमध्ये त्यांनी आणि विजय हजारे यांनी धावांची जी शर्यत लावली, ती मुंबईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर हजारे यांनी त्याच सामन्यात ३०९ करून विक्रम आपल्या नावावर घेतला. काही दिवसांतच मर्चंट यांनी रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. रणजी स्पर्धेत त्यांची सरासरी ९८ हून अधिक भरते. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते थोरल्या नवाब पतौडींचे उपकर्णधार होते. त्या ओल्या, थंड उन्हाळ्यात त्यांनी दोन हजारांहून अधिक धावा जमविल्या. ओव्हलवर ते १२८ धावांवर असताना फुटबॉलपटूही असलेल्या डेनिस कॉम्प्टन यांनी पायाने चेंडू यष्ट्यांवर मारून त्यांना धावचीत केले.

त्यानंतर प्रकृतीने साथ दिली नाही. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून निवड होऊनही त्यांना जाता आले नाही. (त्यामुळे त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी भारताचे माजी कर्णधार असा होत असला, तरी अधिकृत कसोटीत त्यांनी देशाचे नेतृत्व कधी केले नाही. १९४५ मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकी संघाविरुद्धचे सामने अनधिकृत होते.) नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीत ते पुन्हा मैदानात उतरले, तेव्हा चाळीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी १५४ धावा केल्या. कसोटी शतक झळकविणारा सर्वांत वयस्कर भारतीय हा मान त्या खेळीने त्यांना मिळवून दिला. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि कारकीर्द तेथेच संपली. अठरा वर्षांत अवघ्या दहा कसोट्या, ८५९ धावा, तीन शतके. सरासरी ४७.७२.

खेळ सुटल्यानंतर त्यांनी घरचा कापडगिरणीचा व्यवसाय सांभाळला. हिंदुस्तान स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्सशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला. आकाशवाणीवर ते समालोचन करीत. विविध भारतीवरून रविवारी दुपारी त्यांचा क्रिकेटविषयक कार्यक्रम लागत असे. टीव्ही येण्यापूर्वीच्या त्या काळात मुंबईचे मैदान न पाहिलेल्या गावांपर्यंत क्रिकेट पोहोचत होते ते केवळ आवाजातून. सोलापूरपलीकडे अक्कलकोट तालुक्यात कर्नाटकच्या सीमेला टेकलेल्या मैंदर्गीसारख्या गावालाही वानखेडे किंवा ब्रेबॉर्न माहीत झाले ते रेडिओमुळेच.

याच वर्षांत त्यांचे दुसरे काम वाढत गेले. त्याची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास अपंग व्यक्तीचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दया किंवा दैव या दोनच शब्दांत होत असे. मुंबईत मात्र काही माणसे वेगळ्या दिशेने विचार करू लागली होती. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी अशा मुलांच्या उपचारांसाठी काम उभे केले. १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईत स्थापन झाली. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. या वातावरणात मर्चंट ओढले गेले. अंधांसाठीच्या या राष्ट्रीय संस्थेच्या कामात त्यांनी पदाधिकारी म्हणून अनेक वर्षे वाहून घेतले. हे काम पगाराचे नव्हते. त्यात मिरवण्यासारखे फारसे काही नव्हते. सभा, अर्ज, देणगीची पत्रे, कुणाला नोकरी मिळवून देण्यासाठीच्या खेपा असे त्याचे नित्याचे स्वरूप असते. अशा कामात प्रसिद्ध नावाचा उपयोग एकच. बंद दार थोडे लवकर उघडते.

येथे खेळाचा प्रश्न येतो. रोजगार, शिक्षण, उपचार यांची गरज कुणालाही पटते. अपंग माणसाने खेळावे आणि त्यासाठी कुणी पैसे खर्च करावेत, हे पटविणे त्या काळी फार अवघड होते. पोटाची भ्रांत असलेल्याला पोहण्याची चैन कशाला, असा प्रश्न देणगीदार सहज विचारू शकत होता. परदेशात या प्रश्नाचे उत्तर एका डॉक्टराने दिले होते. जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडमध्ये आलेले लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांत खेळाचा समावेश केला. लंडन ऑलिम्पिकचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. हात शाबूत आहेत, तर त्यांच्या बळावर काय करता येईल, हा त्यामागचा विचार. बारा वर्षांनी रोममध्ये सुमारे ४०० खेळाडू जमले आणि पॅरालिम्पिकची परंपरा सुरू झाली.

भारताचा संघ प्रथम उतरला तो १९६८ मध्ये तेल अवीव येथे. त्या संघात मुरलीकांत पेटकर नावाचा एक जवान होता. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा मुलगा सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावून होता. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या हवाई हल्ल्यात त्याला गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात रुतून राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्याला पाण्यात उतरविण्यात आले. ज्या शरीराला जमिनीवर चाके लागत होती, ते पाण्यात केवळ हातांच्या जोरावर पुढे सरकत होते. गुटमन यांचा विचार कुलाब्याच्या पाण्यात असा प्रत्यक्षात उतरला.

मात्र पोहता येणे वेगळे आणि परदेशी स्पर्धेला पोहोचणे वेगळे. अपंगांच्या क्रीडा स्पर्धांसाठी संघ पाठविणारी आजच्यासारखी राष्ट्रीय समिती तेव्हा नव्हती. भारतीय पॅरालिम्पिक समिती स्थापन व्हायला १९९२ साल उजाडावे लागले. विमानाचे तिकीट ही साठ-सत्तरच्या दशकात भल्याभल्या खेळाडूंनाही न झेपणारी गोष्ट होती. चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूच्या बाबतीत तर खुर्ची, सोबती, औषधे असा खर्च आणखी वाढतो. अशा वेळी मर्चंट आणि त्यांची संस्था मदतीला धावून आली आणि तिकिटांची तजवीज झाली, ही आठवण पेटकर यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. स्वतः मर्चंट यांनी याचा गाजावाजा केल्याचे कुठे आढळत नाही.

ऑगस्ट १९७२ मध्ये या स्पर्धा पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी झाल्या. त्या खरे तर म्युनिकलाच व्हायच्या. पण तेथील ऑलिम्पिक ग्रामातील घरे स्पर्धा संपताच सदनिका म्हणून देण्याचे ठरले असल्याने अपंग खेळाडूंना तेथे जागा मिळाली नाही. यजमानांकडूनच अशी वागणूक! हायडेलबर्गमध्ये पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम केला. भालाफेक आणि स्लॅलम या प्रकारांतही ते उतरले होते. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, वैयक्तिक स्पर्धेत भारताचे हे पहिले सुवर्णपदक. अभिनव बिंद्राने बीजिंगमध्ये सुवर्ण मिळविले त्याच्या ३६ वर्षे आधीचे. त्याच उन्हाळ्यात म्युनिकला गेलेल्या आपल्या ऑलिम्पिक पथकाने हॉकीतील एक कांस्यपदक आणले, त्याची चर्चा घराघरांत झाली. हायडेलबर्गचे नाव घराघरांत पोहोचले नाही.

तिकीट काढून देणे ही तशी छोटी मदत. परंतु ती वेळेवर मिळाली नसती तर तो विक्रम कुलाब्याच्या रुग्णालयातच राहिला असता. क्रिकेटमधील नाव, गिरणीमालकाचा पैसा आणि समाजातील वजन हे सारे मर्चंट यांच्याकडे होते. असे असणारे इतरही अनेक होते. पण रणजी करंडकाच्या किंवा कसोटीच्या तिकिटासाठी नव्हे, तर चाकाच्या खुर्चीतील एका जवानाच्या विमानाच्या तिकिटासाठी ते वापरावे असे वाटणारे फारसे नव्हते.

मर्चंट यांची एक बाजू यापेक्षा अधिक वादग्रस्त आहे आणि ती टाळून त्यांचे चरित्र पुरे होत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. तरुणांना संधी देण्याचा त्यांनी सपाटा लावला. गुंडाप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, अशोक मांकड ही नावे त्याच काळात पुढे आली. जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत समसमान मते पडली आणि मर्चंट यांनी अध्यक्ष म्हणून आपले निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांना दिले. त्या वर्षी वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्येही मालिका जिंकली. त्यामुळे निर्णय योग्य ठरला, पण कुजबुज थांबली नाही. १९४६ मध्ये कर्णधारपद थोरल्या पतौडींकडे गेले, त्याचा हिशेब पंचवीस वर्षांनी मुलाकडून चुकता केला, असे म्हणणारे म्हणत राहिले.

यात आणखी एक पेच आहे, ज्याकडे क्रिकेटचे लेखक सहसा वळत नाहीत. धाकटे पतौडी १९६१ मधील मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावून बसले होते. जवळजवळ सारे कसोटी क्रिकेट ते एकाच डोळ्याने खेळले. अंधांसाठी आयुष्य वेचणाऱ्या मर्चंट यांनी त्यांनाच कर्णधारपदावरून दूर केले! मर्चंट यांच्या मनात काय होते, हे सांगणे शक्य नाही. एवढे मात्र म्हणता येते की, पतौडी यांना त्यांनी सहानुभूतीची सवलत दिली नाही आणि पतौडी यांनी ती मागितलीही नसती. निवड खेळाडूची झाली किंवा झाली नाही, ती खेळाडू म्हणूनच. अपंग खेळाडूंच्या चळवळीची मागणी आजही नेमकी हीच आहे.

ज्यांना ते मत मिळाले, त्या वाडेकर यांनी पुढे काय केले, हेही सांगायला हवे. १९८८ मध्ये त्यांनी शारीरिकदृष्ट्या अपंग क्रिकेटपटूंसाठी अखिल भारतीय संघटना स्थापन केली आणि अखेरपर्यंत तिचे काम पाहिले. कुबडी घेऊन, कृत्रिम पाय लावून किंवा एका हाताने खेळणाऱ्या मुलांचे सामने त्यांनी भरविले. ऑगस्ट २०१८ मध्ये वाडेकर यांचे निधन झाले, तेव्हा अशा अनेक खेळाडूंच्या तोंडी १९७१ च्या मालिकांपेक्षा या सामन्यांच्या आठवणी अधिक असणार.

मर्चंट यांनी ती संघटना पाहिली नाही. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. भारतात विश्वचषक सुरू होता आणि वानखेडेवरील उपांत्य सामन्याला आठवडाभर उरला होता. आज वानखेडेवर त्यांच्या नावाचा स्टँड आहे, १६ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. ही दोन्ही स्मारके त्यांच्या फलंदाजीची. दुसऱ्या कामाचे स्मारक शोधायचे झाल्यास ते अंधांच्या संस्थांच्या जुन्या अहवालांत आणि पेटकर यांच्या आठवणींतच शोधावे लागते.

एका माणसाच्या सद्भावनेवर उभे राहिलेले काम किती टिकते, याचे उत्तर हायडेलबर्गनंतर लगेच मिळाले. १९७६ च्या टोरांटो आणि १९८० च्या आर्नहेम येथील पॅरालिम्पिकमध्ये भारताचा संघच नव्हता. १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी आणि भीमराव केसरकर यांनी पदके आणली. दुसरे सुवर्ण मिळण्यास मात्र २००४ साल उजाडले. अथेन्समध्ये देवेंद्र झाझरियाने ते भालाफेकीत मिळविले. मधली ३२ वर्षे कोरडी गेली. मर्चंट यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी तिकीट काढून दिले. तिकीट पुन्हा मागावे लागू नये, अशी व्यवस्था उभारणे सरकारचे आणि क्रीडा संघटनांचे काम होते. ते झाले नाही. अपंग व्यक्तींच्या खेळातील सहभागाची जबाबदारी कायद्याने सरकारवर स्पष्टपणे आली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. शब्दही त्याच सुमारास बदलला. मर्चंट यांच्या काळातील अपंग आता सरकारी कागदावर दिव्यांग झाला.

चित्र बदलले आहे, हे खरे. टोकियोत भारताने १९ आणि २०२४ मध्ये पॅरिसला २९ पदके जिंकली. पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळविणारा सचिन खिलारी हा पेटकर यांच्याच सांगली जिल्ह्यातला. अपघातात दोन्ही हात गमावलेला जलतरणपटू सुयश जाधव सोलापूर जिल्ह्यातला. रिओ आणि टोकियो अशा दोन पॅरालिम्पिकमध्ये तो पोहला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. पण पदकापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूला आज पाठबळ मिळते. पदकाच्या खूप आधी, पहिल्यांदा पाण्यात उतरण्याच्या किंवा मैदानावर पाय ठेवण्याच्या टप्प्यावर काय? मैंदर्गीतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला सरावासाठी अक्कलकोटमार्गे सोलापूर गाठायचे, तर एसटीत चढविण्या-उतरविण्यापासून कुणीतरी सोबत लागते. रोजचा दिवस मोडणारे हे कुणीतरी बहुधा आई-वडील, एखादे शिक्षक किंवा एखादा कार्यकर्ता असतो. त्याला मानधन नसते आणि त्याचे नाव कोणत्याही धावफलकावर लागत नाही.

पेटकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला आणि अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव सन्मान जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांच्या हाती पडला. तेव्हा त्यांचे वय ८० होते आणि मर्चंट यांना जाऊन ३७ वर्षे झाली होती.